रात्रीचा फोटो आणि डोळे दिपवणारे दिवे

तुमच्यापैकी पुष्कळांनी आपल्या गावातल्या रस्त्याचा रात्रीचा फोटो काढून पाहिला असेल आणि पुष्कळांची निराशाही झाली असेल. डोळ्यांना समोरचे सगळे नीट दिसत असते. कोपऱ्यावरचा पानठेला, त्यामागचे कडुनिंबाचे झाड, दुकानाची पाटी, पलीकडे देवळाचे शिखर. फोटोत मात्र दिव्यांच्या जागी पांढरे गोळे उमटतात आणि बाकी सारा काळोख. मग कुणीतरी सांगतो, "शटर जास्त वेळ उघडे ठेव." तसे करावे तर झाड दिसू लागते, शिखरही दिसू लागते, पण ते पांढरे गोळे फुगतात आणि दुकानाची पाटी गिळून टाकतात. वेळ कमी करावा तर दिवा आटोक्यात येतो, पण झाड पुन्हा काळोखात बुडते.

आपला कॅमेरा स्वस्तातला आहे म्हणून असे होते, अशी समजूत करून घेऊ नका. लाख रुपयांचा कॅमेरा आणला तरी ही अडचण थोडी कमी होते, संपत नाही. ती पदार्थविज्ञानातली अडचण आहे आणि तिच्यावरचे उपायही तिथूनच निघतात. आमच्या भद्रावतीसारख्या गावात हे सारे उपाय करून पाहता येतात. त्यासाठी मुंबईचे मरीन ड्राइव्हच हवे असे नाही.

दिवा किती पट उजळ?

आधी एक शब्द पक्का करू. एखाद्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून आपल्या दिशेने किती उजेड येतो, त्यावरून त्या पृष्ठभागाची तेजस्विता ठरते. एकूण उजेड आणि तेजस्विता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकाशकंदिलाचे उदाहरण घ्या. आपल्या नेहमीच्या एलईडी बल्बचा पांढरा घुमट सुमारे ६ सेंटीमीटर व्यासाचा असतो. समोरून पाहिले तर त्याचे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटीमीटर भरते. तोच बल्ब ३० सेंटीमीटर लांबरुंद कंदिलात ठेवला की तोच उजेड ९०० चौरस सेंटीमीटर कागदावरून येऊ लागतो. तेजस्विता सुमारे ३२ पटींनी उतरली! कागद थोडा उजेड खातो, तो वेगळाच. म्हणून दिवाळीत कंदिलाचा फोटो चांगला येतो आणि शेजारच्या उघड्या बल्बचा येत नाही. दिवा तोच, वीज तेवढीच.

आता रस्त्याकडे वळू. खांबावरच्या उघड्या एलईडी दिव्याचा पृष्ठभाग आणि त्याच दिव्याने उजळलेला खालचा डांबरी रस्ता, यांच्या तेजस्वितेत लाखभर पटींचे किंवा त्याहूनही जास्त अंतर असते. आपले डोळे हे अंतर कसे पेलतात? बाहुली लहानमोठी होते म्हणून, असे उत्तर बहुतेक मुले देतात. पण हिशेब करून पाहा. बाहुलीचा व्यास साधारण २ मिलिमीटरपासून ७ मिलिमीटरपर्यंत बदलतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे फरक पडला जेमतेम १२ पटींचा. खरे काम दृष्टिपटल आणि मेंदू करतात. डोळा सारे दृश्य एकदम पाहतच नाही. तो दिव्यावरून झाडावर, झाडावरून पाटीवर फिरत असतो, प्रत्येक ठिकाणी स्वतःला जुळवून घेतो, आणि मेंदू त्या तुकड्यांचे एक चित्र शिवतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याला सगळे एकाच मापाने मोजावे लागते.

कॅमेऱ्यातल्या संवेदकावर लक्षावधी बारीक कप्पे असतात. प्रत्येक कप्पा म्हणजे पावसात ठेवलेली एक बादली समजा. प्रकाशाचे कण पडले की कप्प्यात इलेक्ट्रॉन साठतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या एका कप्प्यात पन्नास हजारांच्या घरात इलेक्ट्रॉन मावतात, मोबाइलच्या चिमुकल्या कप्प्यात पुष्कळच कमी. बादली भरली की भरली. मग वरून कितीही पाऊस पडो, माप तेवढेच दाखवणार. हाच तो फोटोतला पांढरा गोळा. उलट काळोखातल्या बादलीत चारदोनच थेंब पडले तर ते पावसाचे की तळातल्या ओलीचे, हेच कळत नाही. पूर्ण भरलेली बादली आणि ओळखू येईल इतकी कमीत कमी भरलेली बादली यांतले अंतर म्हणजे कॅमेऱ्याची झेप. मोबाइलची झेप हजार-दोन हजार पटींच्या आसपास आणि उत्तम कॅमेऱ्याची दहा-पंधरा हजार पटींची. लाख पटींचे दृश्य त्यात बसणार कसे?

फिल्मच्या काळात आणखी एक त्रास होता. कार्ल श्वार्झशिल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने व्हिएन्नाच्या वेधशाळेत ताऱ्यांचे फोटो घेताना १९०० सालच्या सुमारास तो मोजला. (कृष्णविवरांच्या गणितात ज्याचे नाव येते तोच हा.) उजेड दहा पट मंद असेल तर फिल्मला दहा पट वेळ पुरत नाही, त्याच्या मापाप्रमाणे साडेचौदा पट लागतो. म्हणजे मंद झाडाला वेळ कमी पडे आणि प्रखर दिव्याला मात्र भरपूर मिळे. दोघांतली दरी फिल्म आणखी वाढवून ठेवी. डिजिटल संवेदकाला हा दोष नाही. तिथे दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट इलेक्ट्रॉन, सरळ हिशेब. पुढच्या युक्त्या त्यामुळे आपल्याला सोप्या जातात.

थांबलेला दिवा, धावणारा दिवा

नागपूर-चंद्रपूर महामार्ग भद्रावतीतूनच जातो. रात्री त्यावर कोळशाचे ट्रक आणि एसटीच्या बसगाड्या चालू असतात. शटर ३० सेकंद उघडे ठेवून रस्त्याचा फोटो घेतला तर गाड्या दिसतच नाहीत. त्यांच्या दिव्यांच्या लांबच लांब रेघा तेवढ्या उमटतात, येणाऱ्यांच्या पांढऱ्या आणि जाणाऱ्यांच्या लाल. गंमत अशी की खांबावरचा दिवा पांढरा गोळा होऊन बसतो, पण ट्रकच्या झगझगीत दिव्याची रेघ मात्र छान बारीक येते. असे का व्हावे?

समजा, फोटोत रस्त्याची ४० मीटर रुंदी आली आहे आणि चित्रात आडवे ४००० ठिपके आहेत. म्हणजे एक ठिपका एका सेंटीमीटरचा. ट्रक ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आडवा चालला आहे. त्याचा दिवा १५ सेंटीमीटर रुंद आहे. एखाद्या ठिपक्यावरून हा दिवा पुढे सरकायला किती वेळ लागेल? ०.१५ भागिले १०, म्हणजे ०.०१५ सेकंद. शटर ५ सेकंद उघडे ठेवा नाहीतर ३० सेकंद, त्या ठिपक्याच्या वाट्याला तो दिवा ०.०१५ सेकंदच येणार. खांबावरचा दिवा मात्र पूर्ण ३० सेकंद एकाच जागी ओतत राहतो. फरक झाला २००० पटींचा!

रात्रीच्या फोटोतला हा सर्वांत उपयोगी हिशेब आहे. शटरचा वेळ वाढवला की स्थिर वस्तू उजळतात, धावत्या दिव्याची रेघ उजळत नाही, फक्त लांबते. रेघ उजळ किंवा मंद करायची असेल तर भिंगाचे छिद्र किंवा आयएसओ बदलावा लागतो. छिद्र एफ ४ वरून एफ १६ वर नेले तर त्याचे क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्याला येते आणि रेघही तितकीच मंदावते. मोबाइलच्या भिंगाचे छिद्र बहुधा बदलता येत नाही, तिथे आयएसओ कमीत कमी ठेवावा.

पण ट्रक आडवा न जाता सरळ आपल्याकडेच येत असेल तर? मग तो दिवा चित्रात जवळजवळ एकाच जागी राहतो आणि खांबावरच्या दिव्यासारखाच गोळा होतो. इथे जुन्या छायाचित्रकारांची एक युक्ती कामी येते. हातात काळा पुठ्ठा ठेवायचा. ट्रक समोर आला की पुठ्ठा भिंगापुढे धरायचा, तो गेला की काढायचा. शटर उघडेच आहे, पण पुठ्ठा पुढे असताना बादलीत काही पडत नाही. ३० सेकंदांपैकी १० सेकंद पुठ्ठा पुढे असला तर फोटो २० सेकंदांचा झाला, एवढेच.

याच पुठ्ठ्याने खांबावरचा दिवाही आवरता येतो. समजा दिवे चित्राच्या वरच्या भागात आहेत आणि खाली काळोखी अंगण आहे. पहिली दोन सेकंदे सगळे उघडे ठेवा. नंतर पुठ्ठ्याने भिंगाचा वरचा भाग झाका, म्हणजे पुढची १८ सेकंदे उजेड फक्त अंगणाकडूनच येईल. दिव्यांना २ सेकंद मिळाले, अंगणाला २०. पुठ्ठा मात्र सारखा थोडा वरखाली हलवत राहायचा. तो स्थिर धरला तर त्याची कड चित्रात उमटते आणि चलाखी उघडी पडते. पुठ्ठ्याला चकाकी नसावी, आणि भिंगाला किंवा तिवईला हाताचा धक्का लागू देऊ नये. तिवई, म्हणजे ट्रायपॉड, नसेल तर रेतीने अर्धी भरलेली कापडी पिशवी गच्चीच्या कठड्यावर ठेवून तिच्यात मोबाइल रुतवून उभा करा. शटर हाताने न दाबता स्वयंचलित विलंबावर ठेवावे.

मोबाइलमधली रात्रीची सोय याच तत्त्वाची बहीण आहे. ती एक लांब फोटो घेत नाही, पुष्कळ छोटे घेते आणि त्यांची बेरीज करते. बादली भरायच्या आत रिकामी करायची, माप वहीत लिहायचे, पुन्हा ठेवायची. त्यामुळे दिवा कुठल्याच फोटोत पूर्ण भरत नाही. आणि काळोखातली खरखर? १६ फोटोंची सरासरी घेतली की ती १६ च्या वर्गमुळाने, म्हणजे चार पटींनी कमी होते. हा सांख्यिकीतला नियम तुम्ही पुढे शिकाल.

सांजवेळेचे पंचवीस मिनिट

इतका खटाटोप न करता निसर्गाकडूनही मदत घेता येते. रात्रीचे म्हणून प्रसिद्ध असलेले शहरांचे पुष्कळसे सुंदर फोटो रात्रीचे नसतातच, संधिप्रकाशातले असतात. सूर्य मावळला की आकाश एकदम काळे होत नाही. त्या वेळी रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात आणि आकाशाच्या उरलेल्या उजेडाने भिंती, झाडे, शिखरे अजून भरलेली असतात. म्हणजे लाख पटींची दरी आपोआप हजाराच्या घरात येते.

ही वेळ किती टिकते? पृथ्वी ताशी १५ अंश फिरते. भद्रावती साधारण २० अक्षांशावर आहे. इथे मार्च-सप्टेंबरच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली ताशी १४ अंशांनी जातो. तो ६ अंश खाली जायला सुमारे २५ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात आकाशाचा उजेड शंभर पटींहून अधिक उतरतो. १०० म्हणजे २ चा जवळजवळ सातवा घात. तेव्हा दर साडेतीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा होतो, असे धरायला हरकत नाही. लंडनला सूर्य तिरपा मावळतो. तिथल्या फोटोग्राफरला अर्ध्या तासाहून जास्त वेळ मिळतो. आपल्याला घाई करावी लागते. सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी सुरुवात करा आणि दर दोन मिनिटांनी त्याच जागेवरून, तेच माप ठेवून एकेक फोटो घ्या. त्यांतल्या एका फोटोत आकाश आणि भिंत बरोबर तोलले गेलेले असतील. तो कोणता, हे मात्र प्रत्येक रस्त्याचे वेगळे.

दिवा लपवणे

ब्रासाई या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रकाराने १९३० च्या दशकात पॅरिसचे रात्रीचे फोटो घेतले. ते आजही पाहण्यासारखे आहेत. त्याच्याकडे काचेच्या प्लेटींचा कॅमेरा होता. वेळ मोजायला तो सिगारेट पेटवी, उजेड असेल तर लवकर संपणारी आणि अंधार असेल तर सावकाश जळणारी. (तुम्ही आपले आकडेच मोजा.) त्याची खरी हुशारी दिवा कुठे ठेवायचा यात होती. दिवा तो झाडाच्या बुंध्यामागे किंवा भिंतीच्या कोपऱ्यामागे लपवी, नाहीतर धुक्याची रात्र निवडी. बुंध्यामागचा दिवा स्वतः दिसत नाही, पण त्याने उजळलेला रस्ता दिसतो. बुंध्याला उजेडाची झालर लागते ती वेगळी. आणि धुके म्हणजे निसर्गाचा आकाशकंदीलच नाही का? उजेड मोठ्या जागेवर पसरतो आणि तेजस्विता खाली येते.

काचेच्या प्लेटींवर दिव्याभोवती कडी उमटत. प्रखर उजेड वरच्या थरातून आरपार जाई, काचेच्या पाठीवरून परावर्तित होऊन परत येई आणि शेजारचा भाग काळवंडून टाकी. म्हणून प्लेटीच्या पाठीला काळा लेप देत. पुढे फिल्ममध्येच तसा थर घालू लागले.

भिंगातली भुते आणि तारे

परावर्तनाचा प्रश्न भिंगातही आहे. काचेचा वक्रीभवनांक १.५ धरा. हवेतून काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी किती परत फिरतो, याचे सूत्र सोपे आहे. १.५ वजा १ याला १.५ अधिक १ याने भागा, ०.२ आले. त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे ४ टक्के. सहा भिंगे असलेल्या लेन्सला १२ पृष्ठभाग असतात. प्रत्येकातून ९६ टक्के पुढे गेले तर शेवटी ६१ टक्केच पोचतात. बाकीचा प्रकाश आतल्या आत उड्या मारतो. दोनदा परावर्तित होऊन संवेदकावर पोचलेला प्रकाश मूळच्या ६२५ व्या हिश्श्याचा. हे किरकोळ वाटते, पण मूळ दिवाच भिंतीच्या लाख पट तेजस्वी असतो, तेव्हा ६२५ वा हिस्सासुद्धा भिंतीला भारी पडतो. फोटोत दिसणारे ते हिरवट, निळसर ठिपके म्हणजे दिव्याची ही भुतेच.

आजकाल भिंगांवर पातळ लेप असतो. जर्मनीत अलेक्झांडर स्माकुला याने झाइस कंपनीत १९३५ मध्ये ही पद्धत काढली. लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी ठेवली की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून येणारे तरंग एकमेकांना पुसून टाकतात. तरीही भुते पूर्ण जात नाहीत. त्यांची एक खोड मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भूत बहुधा चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूला उमटते. दिवा वर उजवीकडे असेल तर ते खाली डावीकडे शोधा. म्हणून कॅमेरा किंचित वळवला की ते हलते, आणि दुसऱ्या एखाद्या उजळ जागेवर नेऊन ते दडवता येते. भिंगापुढे सपाट काचेचे फिल्टर लावले असेल तर रात्री ते काढून ठेवा. दोन नवे पृष्ठभाग कशाला वाढवायचे?

दिव्याभोवती दिसणारा तारा ही निराळी गोष्ट. तो विवर्तनाने होतो. छिद्र लहान केले की ते पूर्ण गोल न राहता पात्यांमुळे बहुकोनी होते. प्रत्येक सरळ कडेवरून प्रकाश त्या कडेच्या काटकोनात दोन्ही बाजूंना पसरतो. सहा पाती असतील तर समोरासमोरच्या कडा समांतर असल्याने त्यांचे किरण एकमेकांवर पडतात आणि ताऱ्याला सहा टोके येतात. सात पाती असतील तर समांतर जोडी जमतच नाही आणि १४ टोके येतात. फोटो पाहून कॅमेऱ्याच्या आतली पाती मोजता येतात, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. तारा पाडण्यासाठी रेघा मारलेले फिल्टर बाजारात मिळते. ते मला अजिबात आवडत नाही. त्यात गावाच्या आधी फिल्टरच दिसते.

मोबाइलचे छिद्र गोल असते, तरी दिव्यातून लांब पट्टा निघालेला दिसतो. तो कशाचा? तुमच्या बोटाचा! भिंगावर तेलकट बोट फिरले की बारीक समांतर चरे उमटतात आणि प्रकाश त्यांच्या काटकोनात फेकला जातो. बोट उभे फिरले असेल तर पट्टा आडवा येतो. करून पाहा, आणि नंतर स्वच्छ मऊ सुती कापडाने गोल गोल पुसून टाका.

दिव्याची धडधड

आणखी एक प्रयोग. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवा आणि तेवढ्यात कॅमेरा दिव्यासमोरून एका बाजूकडून दुसरीकडे झपकन फिरवा. सोडियमचा किंवा हलक्या प्रतीचा एलईडी दिवा असेल तर सलग रेघ न येता तुटक तुटक रेघ येते. ती मोजली तर ५० च्या आसपास तुकडे भरतात. अर्ध्या सेकंदात ५०, म्हणजे सेकंदाला १००. आपल्या विजेची वारंवारता ५० आहे आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, त्याचेच हे चित्र. नव्या मोटारींच्या लाल दिव्यांच्या रेघाही पुष्कळदा ठिपक्यांच्या दिसतात. ते दिवे मंद करण्यासाठी भराभर चालूबंद केले जातात, वेगात इतके की डोळ्यांना कळत नाही. लांब फोटोत ही धडधड मिसळून जाते. पण शटर हजारांश सेकंदाचे ठेवले तर चित्रावर काळे पट्टे येतात, कारण काही ओळी दिवा मंदावलेला असताना वाचल्या जातात.

या ५० च्या आकड्याशी भद्रावतीचा जवळचा संबंध आहे. पूर्वी पश्चिम भारताचे आणि दक्षिण भारताचे वीजजाळे एका तालात चालत नसे. दोन्हीकडे वारंवारता ५० च्याच आसपास, पण किंचित मागेपुढे. अशी दोन जाळी सरळ जोडता येत नाहीत. म्हणून १९९७-९८ च्या सुमारास पॉवरग्रिडने भद्रावतीला एक केंद्र उभारले. तिथे एका बाजूची प्रत्यावर्ती वीज आधी दिष्ट केली जाते, मग तिची दुसऱ्या बाजूच्या तालात पुन्हा प्रत्यावर्ती वीज होते. क्षमता १००० मेगावॅट. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वाहिनीने ही दोन्ही जाळी एका तालात जोडली गेली. तेव्हापासून भद्रावतीचा दिवा आणि चेन्नईचा दिवा एकाच वारंवारतेने धडधडतो.

बिघडलेला फोटो काय सांगतो

आतापर्यंत आपण दिव्याला फोटोत आवरत होतो. आता उलट करू. गच्चीवरून गावाचा फोटो मुद्दाम कमी वेळाचा घ्या, आयएसओ १०० आणि शटर एक साठांश सेकंद. रस्ते, घरे, झाडे सगळी बुडतील. फक्त काही दिवे टिकतील. ते कोणते? ज्यांचा उघडा चेहरा तुम्हाला थेट दिसतो ते. जो दिवा दूरच्या गच्चीवरून असा थेट दिसतो, त्याचा उजेड खालच्या रस्त्यावर न जाता तुमच्या डोळ्यात आणि पुढे आकाशात जातो आहे. वर नीट टोपी असलेला, खाली तोंड केलेला दिवा या फोटोत दिसणार नाही, आणि त्याच्याखालचा रस्ता मात्र चांगला उजळलेला असेल.

रंगाचाही इथे संबंध येतो. मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून २०१५ मध्ये पांढरे एलईडी लावले, तेव्हा राणीच्या हाराचा रंग गेला म्हणून लोकांनी बरीच ओरड केली. फोटोग्राफर म्हणून मी पांढऱ्या दिव्याच्या बाजूचा आहे. सोडियमच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच, तेव्हा निळी साडी काळपट दिसते आणि कॅमेरा नसलेला रंग आणणार कुठून? पण पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा भाग जोरदार असतो. हवेतले विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते. सोडियमचा पिवळा ५८९ चा. ५८९ भागिले ४५० याचा चौथा घात करा, जवळजवळ ३ येतो. म्हणजे आकाशाकडे गेलेला निळा उजेड हवेत तिप्पट विखुरतो आणि रात्रीचे आकाश उजळवतो.

भद्रावतीच्या आग्नेयेला चंद्रपूर आहे, पूर्वेला ताडोबाचे जंगल. जंगलात दिवे नाहीत. काजवे एकमेकांना उजेडाच्या खुणांनी शोधतात, पतंग दिव्याभोवती फिरून थकतात, हे तुम्ही वाचलेच असेल. अशा प्राण्यांना आपल्या आकाशाचा उजेड किती पोचतो, हा आपल्या जिल्ह्यात तरी नुसता पुस्तकातला प्रश्न नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले अंधारे आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली तोंडाचे करावे लागले.

तुम्ही स्वतः मोजमाप करू शकता. अमावास्येच्या जवळची, ढग नसलेली रात्र निवडा. घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन आपल्याच गच्चीवर जा. रात्री गावाबाहेर शेताकडे जाऊ नका, आपल्याकडे वाघ-बिबट्या खरोखर असतात. आयुध निर्माणी, वीजकेंद्र, खाणी आणि रेल्वे यांच्याकडे कॅमेरा रोखू नका, तिथे मनाई असते. आयएसओ ८००, वेळ १५ सेकंद, रंगाचे माप एकाच जागी पक्के करा. मग एक फोटो आग्नेयेचा आणि एक पूर्वेचा, क्षितिजापासून वीतभर वरच्या आकाशाचा घ्या. हात लांब करून धरलेली वीत सुमारे २० अंश भरते. घराजवळचा दिवा चित्रात येत असेल तर तो पाण्याच्या टाकीमागे किंवा काळ्या पुठ्ठ्यामागे लपवा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून आकाशाचा उजळपणा आणि मोजता येणारे तारे वहीत लिहा, तारीख आणि वेळेसह. हेच दर दोन महिन्यांनी त्याच मापावर करा. मध्येच तुमच्या रस्त्यावरचे दिवे बदलले तर बदलापूर्वीचा शेवटचा आणि नंतरचा पहिला फोटो वेगळा काढून ठेवा.